सेकंडहँड आयफोन एसई: २०२० चा घ्यावा की २०२२ चा?

टॉवेलपेठ

नमस्कार मंडळी. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यावर वापरायला छोटा, शर्टाच्या खिशात मावणारा आणि अंगठा टेकवला की उघडणारा फोन पाहिजे. बजेट पंधरा-सोळा हजार, म्हणजे सेकंडहँडच आला. नवी पेठेत दोन दाखवलेत. एक आयफोन एसई २०२०, ६४ जीबी, बॅटरी हेल्थ ८१ टक्के. दुसरा एसई २०२२, १२८ जीबी, बॅटरी हेल्थ १०० टक्के. दुसऱ्याचे साडेचार हजार जास्त सांगतात.

दिसायला दोन्ही एकसारखे, आणि दोन्ही हुबेहूब आयफोन ८. मग जास्तीचे पैसे नेमके कशाचे? दुकानदार म्हणतो, "काही बिघडलं तर आठचे पार्ट बसतात, काळजी नको." हे खरं आहे का? दिवसभर यूपीआय आणि कॉल, दोन नंबर लागतात. वर कारखान्यातलं तूस आणि आपला एप्रिल-मे. जाणकारांनी सांगावं.

स्क्रू_टेबल

डबा जुना आहे हे खरंच. आठ नंबर २०१७ चा. तोच ४.७ इंची एलसीडी, तेच १३३४ बाय ७५० रिझोल्यूशन, तीच १३८.४ बाय ६७.३ बाय ७.३ मिलिमीटरची काया. फरक सगळा आत आहे.

२०२० च्या एसईत ए१३ चिप आहे, आयफोन ११ मधली. रॅम ३ जीबी, बॅटरी १८२१ एमएएच, म्हणजे आठची होती तेवढीच. २०२२ च्या एसईत ए१५ चिप, रॅम ४ जीबी, बॅटरी २०१८ एमएएच, शिवाय ५जी. वजन उलट १४८ वरून १४४ ग्रॅमवर आलं. रॅमचा तो एक जीबी तुमच्या कामात लगेच जाणवेल. ३ जीबीत यूपीआय ॲप, व्हॉट्सॲप आणि कॅमेरा असं आलटून पालटून केलं की मागचं ॲप बंद होऊन पुन्हा पहिल्यापासून उघडतं. गिऱ्हाईक समोर उभं असताना हे नको वाटतं.

अपडेटचं म्हणाल तर आयफोन ८ आयओएस १६ वरच थांबला. २०२५ च्या सप्टेंबरात आलेलं आयओएस २६ दोन्ही एसईवर चालतं. पण त्यासाठी लागणाऱ्या चिपांत ए१३ सर्वांत जुनी आहे, त्यामुळे पुढे कधी कात्री लागली तर आधी २०२० वरच लागणार. ए१५ ला अजून बराच दम आहे.

आता घेताना काय बघायचं. पाठीवरचं सफरचंद बरोबर मध्यभागी असलं तर एसई, वरच्या बाजूला असलं तर आठ. एसईचा पुढचा भाग कुठल्याही रंगात काळाच असतो, पांढऱ्या तोंडाचा एसई नसतो. पण पाठ बदलता येते, म्हणून डोळ्यांवर विसंबू नका. सेटिंग्ज, जनरल, अबाउटमध्ये मॉडेलचं नाव वाचा. मॉडेल नंबरवर बोट टेकवलं की 'ए' ने सुरू होणारा नंबर दिसतो. आपल्याकडचा २०२० चा म्हणजे ए२२९६, २०२२ चा ए२७८३. टेकवण्याआधी जो नंबर दिसतो त्याचं पहिलं अक्षर एम असलं तर नवा म्हणून विकलेला, एफ असलं तर रिफर्बिश्ड (म्हणजे दुरुस्त करून पुन्हा विकलेला), एन असलं तर सर्व्हिसमध्ये बदलून दिलेला. नंबर दुसऱ्या देशाचा निघाला तर त्याच पानावर कॅरिअर लॉकची (एकाच सिम कंपनीला बांधलेला आहे का, याची) ओळ बघा, तिथे 'नो सिम रिस्ट्रिक्शन्स'च पाहिजे.

आणि पैसे देण्याआधी *#०६# दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक काढा. केवायएम लिहून एक जागा सोडा, पुढे तो १५ आकडी नंबर टाका आणि १४४२२ वर एसएमएस करा. चोरीचा, ब्लॉक केलेला फोन असेल तर तिथेच कळतं. मालकाने आपलं ॲपल खातं तुमच्यासमोर साइन आउट करून फोन इरेज केला पाहिजे. "नंतर काढून देतो" म्हणाला तर सरळ उठून या. ॲक्टिव्हेशन लॉक (जुन्या मालकाच्या खात्याचं कुलूप) राहिलेला फोन तुमच्या काहीच उपयोगाचा नाही.

नवीपेठ_बेंच

"आठचे पार्ट बसतात" हे अर्धं खरं आहे, आणि उरलेल्या अर्ध्यातच लोक फसतात.

२०२० च्या एसईला आठचं फोल्डर (काचेसकट अख्खा डिस्प्ले) बसतं. कॅमेरा, सिम ट्रे, टॅप्टिक इंजिन (थरथर देणारी मोटर) हेही बसतात. बॅटरी मात्र बसत नाही. आकार तोच, क्षमता तीच, पण बोर्डावरचा कनेक्टर वेगळा. २०२२ ची बॅटरी तर वेगळीच आहे. पार्ट मागवताना 'एसई' एवढंच सांगू नका, वर्ष आणि 'ए' वाला नंबर सांगा.

खरी नाजूक जागा होम बटण. ते दाबलं जात नाही, आत जात नाही. बोट टेकवल्यावर टॅप्टिक इंजिन धक्का देतं म्हणून दाबल्यासारखं वाटतं. फोन बंद करून दाबून बघा, बटण दगडासारखं लागेल. फिंगरप्रिंटचा हा सेन्सर फॅक्टरीतच त्या बोर्डाशी जोडलेला असतो. दुसऱ्या फोनचं बटण लावलं तर अंगठा चालत नाही तो नाहीच. म्हणून फोल्डर बदलताना जुन्या काचेवरचं बटण अलगद काढून नव्यावर चढवावं लागतं. त्याची वायरची पट्टी कागदाइतकी पातळ असते आणि फोल्डरच्या मागे चिकटवलेली असते. न तापवता ओढली की वळणावर फाटते, आणि तुम्ही ज्यासाठी हा फोन घेताय ती सोयच जाते. बटण मेलं की फोन स्वतःच पडद्यावर तात्पुरतं गोल बटण दाखवतो. दुकानात फोन हातात घेतल्यावर असं तरंगणारं बटण दिसलं तर सेटिंगमधलं म्हणून सोडून देऊ नका.

उघडायची रीत जाणून ठेवा, म्हणजे समोर बसून काम करून घेता येईल. चार्जिंग पोर्टच्या दोन्ही बाजूंचे पेंटालोब (पाच पाकळ्यांचे) स्क्रू काढायचे, खालची कड गरम करायची, सक्शन कपने फट पाडायची आणि डावीकडची कड उचलून पुस्तकासारखं उजवीकडे उघडायचं. पट्ट्या उजवीकडे आहेत, त्यामुळे जुन्या सहा नंबरसारखं वरच्या बाजूला उघडलं तर त्या तुटतात. आत पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर सोडवणं. त्याआधी चार्ज २५ टक्क्यांच्या खाली असावा. स्क्रू ज्या भोकातला त्याच भोकात गेला पाहिजे. अर्धा मिलिमीटर लांब स्क्रू चुकीच्या जागी पिळला तर तो बोर्डात घुसतो आणि आतली रेघ कापतो, मग फोनच डेड. कारागीर स्क्रू एका वाटीत टाकत असेल तर तिथे फोन देऊ नका. मॅग्नेटिक मॅटवर क्रमाने मांडणारा शोधा.

बॅटरीच्या १०० टक्क्यांबद्दल. २०२२ चा फोन रोज वापरला गेला असेल तर मूळ बॅटरी आजही शंभरवर असणं जवळपास अशक्य. सेटिंग्ज, जनरल, अबाउटमध्ये 'पार्ट्स अँड सर्व्हिस हिस्ट्री' ही ओळ आहे का बघा. बॅटरीपुढे 'जेन्युइन' असेल तर उत्तम. 'अननोन पार्ट' असेल तर बहुधा कॉपी. ओळच नसेल आणि आकडा मात्र १००, तर प्रोग्रामर नावाचं यंत्र लावून आकडा चढवलेला असण्याची शक्यता मोठी. मग आकड्याला किंमत देऊ नका. जागेवरच दहा-पंधरा मिनिटं ४के व्हिडिओ चालू ठेवा. टक्के एकेक करून उतरले तर ठीक. ४० वरून एकदम ३१ दिसले किंवा फोन मधेच बंद पडला तर बॅटरी गेलेली.

८१ टक्केवाल्याचा हिशेब सोपा आहे. १८२१ चे ८१ टक्के म्हणजे साधारण १४७५ एमएएच. दुपारी दोनला चार्जर शोधावा लागेल. हेल्थ ८० च्या खाली गेली की फोन स्वतःच सर्व्हिसचा निरोप दाखवतो. हा घ्यायचा तर नव्या बॅटरीचे पैसे भावातून आधी वजा करा.

फोल्डर बदललंय का, हे एसईच्या हिस्ट्रीवरून समजेल असं धरू नका. डिस्प्ले अँड ब्राइटनेसमध्ये ट्रू टोनचं (आजूबाजूच्या उजेडाप्रमाणे पडद्याचे रंग जुळवण्याचं) बटण आहे का बघा. नसेल तर फोल्डर बदललेलं, आणि बदलताना जुन्याचा डेटा नव्यावर चढवलेला नाही.

मागवाला_अशोकचौक

तुसाबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून लिहितो. टेरी टॉवेलच्या खात्यात लायटनिंग पोर्ट काही आठवड्यांत भरतो. तूस मऊ असतं, केबल प्रत्येक वेळी ते तळाशी दाबत जाते आणि शेवटी तिथे नमद्यासारखी घट्ट चकती बनते. लक्षण ओळखा: केबल घातली की 'टक्' असा आवाज येत नाही, प्लगचं धातूचं टोक केसभर बाहेर राहतं, फोन हलवला की चार्जिंग तुटतं. बरेच जण इथे पोर्ट खराब झाला समजून बदलून घेतात. फोन बंद करा, लाकडी टूथपिकचं टोक चपटं करून तळाच्या कडेने खरवडा आणि बाहेर ओढा. सुई किंवा सेफ्टी पिन अजिबात नको, आतल्या आठ पिना वाकतात. फुंकर मारू नका, तोंडातली वाफ आत जाते. कानाच्या स्पीकरची जाळी कोरड्या मऊ ब्रशने, फोन उलटा धरून झाडा. सगळ्यात बरं म्हणजे दिवसा पोर्टला सिलिकॉनचं बूच लावून ठेवा.

उन्हाचं: हा फोन ० ते ३५ अंशांत वापरण्यासाठी बनवलाय. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४० च्या वर असतो आणि पत्र्याखाली त्याहून जास्त. तापला की आधी उजेड कमी होतो, मग चार्जिंग थांबतं, शेवटी तापमानाचा इशारा येतो. हा बिघाड नव्हे, फोन स्वतःला वाचवतोय. त्या वेळी फ्रिजमध्ये ठेवू नका, आत पाणी सुटतं. कव्हर काढून पंख्याखाली ठेवा. वायरलेस चार्जिंग चालतं, पण मे महिन्यात टाळा, त्यात उष्णता जास्त होते. चार्ज ८० टक्क्यांवर थांबवायची सोय एसईत नाही, ती आयफोन १५ पासून पुढे. म्हणून दुपारचं चार्जिंग ऑफिसच्या थंड खोलीत करून केबल हाताने काढा.

गाडीच्या हँडलवर होल्डर लावत असाल तर हा फोन त्यात नको. कॅमेऱ्यात हलती भिंग-यंत्रणा आहे. मोटरसायकलच्या इंजिनाच्या थरथराटाने ती बिघडू शकते, हे कंपनीनेच सांगितलंय.

५जी_विजापूररोड

दोन नंबरांचं आधी नीट समजून घ्या. ट्रे एकच आणि तोही एका नॅनो सिमचा. दुसरा नंबर ई-सिमच (फोनच्या आतच असणारं, प्लास्टिक नसलेलं सिम) करावा लागेल. जिओ, एअरटेल दोन्ही देतात. ज्या नंबरला बँक जोडलेली आहे तो शक्यतो प्लास्टिक सिमवरच ठेवा. फोन अचानक बंद पडला तर ते सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालता येतं. ई-सिमला मात्र कंपनीची सगळी प्रक्रिया पुन्हा करावी लागते, आणि तोवर यूपीआय ठप्प.

यूपीआय सुरू करताना ॲप एक एसएमएस तयार करून दाखवतं, पाठवायचं बटण आपणच दाबायचं असतं. तो बँकेच्या नंबरवरून जातोय ना, हे तिथेच बघा. दुसऱ्या लाइनवरून गेला की पडताळणी फसते आणि माणूस ॲपला दोष देत बसतो.

२०२२ वर ५जी चालतं. भारतात त्यासाठी आयओएस १६.२ लागलं होतं, त्याहून जुनं असेल तर अपडेट करा. बॅटरी वाचवायची असेल तर मोबाइल डेटाच्या सेटिंगमध्ये व्हॉइस अँड डेटा एलटीईवर (म्हणजे ४जीवर) ठेवा. यूपीआय आणि व्हॉट्सॲपला ४जी भरपूर आहे.

मुरारजी_११

थोडं वेगळं मत. दिवसभर फोन हातात असणार असेल तर २०२० च्या एसईपेक्षा आयफोन ११ बघा. चिप तीच ए१३, पण रॅम ४ जीबी आणि बॅटरी ३११० एमएएच. अंगठा नाही, फेस आयडी आहे, आणि फोन मोठा व जड आहे, हे मान्य. शिवाय अंधारात फोटो काढायचा नाइट मोड ११ मध्ये आहे, दोन्ही एसईत नाही. टॉवेलच्या रंगाचे फोटो संध्याकाळी गिऱ्हाइकाला पाठवत असाल तर याचा विचार करा.

टॉवेलपेठ

सगळ्यांचे मनापासून आभार. परत जाऊन २०२२ वाला तपासला. नंबर एम ने सुरू, ए२७८३. आयएमईआय स्वच्छ. ट्रू टोनचं बटण आहे. होम बटण आणि अंगठा चालतो. पण बॅटरी १०० आणि पार्ट्सची ओळच नाही. व्हिडिओ चालवला तर बारा मिनिटांत टक्के दोनदा उडी मारून उतरले. खिशात मावणाराच हवा, म्हणून ११ नको.

नवीपेठ_बेंच

म्हणजे बॅटरी सोडून बाकी फोन चांगला आहे, आणि एसईत बॅटरी हा सहज बदलता येणारा पार्ट. बटण आणि फोल्डर शाबूत आहेत, महत्त्वाचं तेच. दुकानदाराला ती उडी दाखवा आणि भावातून चांगल्या बॅटरीचे पैसे कापून घ्या. १०० आकड्यासाठी एक रुपयाही जास्त देऊ नका.

बॅटरी बदलताना तुमच्यासमोर बसवून घ्या. जुनी बॅटरी खालच्या ताणून निघणाऱ्या पट्ट्यांनीच काढली पाहिजे. पट्टी तुटलीच तर कडेने आयसोप्रोपिल अल्कोहोल सोडून थांबायचं, पत्र्याने उचकटायचं नाही, बॅटरीला भोक पडलं तर आग लागते. बंद करताना काचेच्या कडेचं नवं सील लावायला सांगा, नाहीतर तूस थेट आत जाईल. सील नवं असलं तरी एकदा उघडलेल्या फोनला आयपी६७ (धूळ-पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा) धरून पाण्याजवळ नेऊ नका.

काम झाल्यावर तिथेच पाच गोष्टी बघा: अंगठा, ट्रू टोन, कानाचा स्पीकर, पुढचा कॅमेरा आणि कॉलवर फोन कानाला लावल्यावर पडदा काळा होतो का. होत नसेल तर वरची सेन्सर पट्टी नीट बसलेली नाही, लगेच उघडून घ्या. उजव्या अंगठ्याचे ठसे दोनदा नोंदवा, एकदा कोरड्या हाताने आणि एकदा कामावरच्या तुसाळ हाताने. एकूण पाच ठसे बसतात.