आधी पहारा की आधी अभ्यास? सुमात्राचे गेंडे आणि नान्नजचा माळ

माळकरी:
सोलापुरात वन्यजीवांचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: अभ्यासावर पैसा घालवण्यापेक्षा चार वनरक्षक वाढवा. मला हे मुळीच पटत नाही. सुमात्राचा गेंडा वर्षावनातला, अंगावर केस असलेला, आजच्या गेंड्यांत सर्वांत लहान. १९८४ पासून बारा वर्षांत पैदाशीसाठी असे सुमारे ४० गेंडे पकडले. एकामागून एक मरत गेले, पैदास काही होईना. हा प्राणी झाडपाल्यावर जगणारा, आणि अमेरिकेत त्याला घातलं वाळलेलं गवत! उंबर-पिंपळाच्या कुळातला पाला सुरू केल्यावर तिथल्या सिनसिनाटी प्राणिसंग्रहालयातला नर तगला. मग तिथल्याच शास्त्रज्ञ टेरी रॉथ यांनी सोनोग्राफीनं शोधलं की मादीचं बीज समागमानंतरच सुटतं. २००१ मध्ये तिथं पिल्लू झालं. पकडण्याआधी जंगलात नीट अभ्यास झाला असता, तर किती जीव वाचले असते?

विजापूर नाका:
दादा, दुसरी बाजूही बघा की ओ. जावाचा गेंडा जगात फक्त इंडोनेशियातल्या उजुंग कुलोनच्या जंगलात उरलाय. तिथं वर्षानुवर्षं कॅमेरे लावलेले, एकेक गेंडा ओळखीचा. तरी पकडलेल्या शिकाऱ्यांनी २६ गेंडे मारल्याची कबुली दिल्याचं २०२४ मध्ये बाहेर आलं. नोंदी होत्या, बंदुकीपुढं उभा राहणारा माणूस कमी पडला. आपल्याकडं सोलापूरजवळ नान्नजला १९७९ ला माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य झालं. अभ्यासक येऊन गेले. माळढोक कुठाय?

उजनीकाठ:
पण माळढोक बंदुकीनं गेला असं म्हणणं चूक आहे. कालव्याचं पाणी आलं, माळाचा ऊस आणि द्राक्षबाग झाली, वर विजेच्या तारा आल्या. राखणदार कितीही ठेवा, गवतच नसेल तर राखायचं काय?

तमिळनाडूत वालपराईला चहामळ्यांमध्ये वर्षावनाचे तुकडे उरलेत. तिथली सिंहपुच्छ माकडं खरं तर झाडावरून खाली क्वचितच उतरणारी. तुकड्यातुकड्यात अडकल्यावर ती रस्त्यावर येऊन गाड्यांखाली सापडू लागली. कळप कुठून रस्ता ओलांडतात हे अभ्यासकांनी पाहिलं, तिथं फांद्यांना जोडणारे झुलते पूल बांधले आणि गावातल्याच माणसांना गाड्या थांबवायला नेमलं. पहारा कुठं हवा, हे अभ्यासानंच सांगितलं ना?

माळकरी:
ताई, अगदी हेच. नान्नजला लांडगे आणि काळवीट अजून आहेत. लांडगी पिल्लं घालायला कुठं जाते, हे तिथल्या मेंढपाळाइतकं कुणाला ठाऊक? त्यालाच पगारावर घ्या.

विजापूर नाका:
मेंढपाळाचं मान्य. पण वालपराईला चहामळ्यांचे मालक मोजके, बोलणी चार जणांशी करायची. इथं एकेका एकराचा मालक वेगळा. बाग मोडून गवत राखणाऱ्याला दर एकरी वर्षाला काय देणार आणि कोण देणार, ते आधी बोला. तोवर माझं मत बदलणार नाही.