शांतिसेनेचा तळ बंद होतो तेव्हा बायकांच्या संरक्षणाची कामं कुणाकडे सोपवायची?

अनुजा_२२ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. पूर्व काँगोतल्या दक्षिण किवू प्रांतातून मोनुस्को, म्हणजे संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना, २०२४ मध्ये बाहेर पडली. नोव्हेंबर २०२३ मध्ये माघारीच्या आराखड्यावर सह्या झाल्या, २८ फेब्रुवारी २०२४ ला कामान्योलाचा तळ काँगोच्या पोलिसांच्या ताब्यात दिला आणि ३० जूनला बुकावूचं कार्यालय बंद झालं. पुढच्या फेब्रुवारीत बुकावू हे प्रांताच्या राजधानीचं शहरच एम-२३ या बंडखोर गटाच्या हाती गेलं.

सुरक्षा परिषदेचा सप्टेंबर २०२१ चा २५९४ क्रमांकाचा ठराव सांगतो की मिशन आवरतं घेताना स्त्रियांचा सहभाग आणि संरक्षण यांचा विचार सुरुवातीपासून व्हावा. पण प्रत्यक्षात तळाला कुलूप लागण्याआधी नेमकं काय, कुणाकडे आणि किती आधी सोपवायचं? स्त्री-हिंसाचारावर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी टिपण करायचं आहे. कामाचं सांगा.

---

वाटसरू_पूर्व

आधी प्रत्येक तळामागे एक तक्ता करा. सैनिक किती, तोफा किती हे त्यात नको. तळाच्या भरवशावर बायका रोज काय करतात ते लिहा. आठवडी बाजाराच्या दिवशी कोणत्या वाटेवर गस्त असते? रात्री हल्ला झाला तर कोण कुणाला फोन करतं? जखमी बाईला दवाखान्यात कोणाची गाडी नेते? साक्षीदाराला कोर्टात कोण पोचवतं? प्रत्येक कामापुढे तीन रकाने: यापुढे कोण, पैसा कुठून, कोणत्या तारखेपासून. जिथे ‘यापुढे कोण’ कोरा राहतो तो मुद्दा महिला संघटनांनी लेखी मांडायचा, आणि तोही तळ बंद होण्याच्या किमान सहा महिने आधी. नंतर मिशनची माणसं सामान बांधण्यात असतात, ऐकायला कुणी उरत नाही.

यात सगळ्यात लवकर मरतं ते इशारा देणारं जाळं. मोनुस्कोने गावोगावी माणसं नेमून त्यांना फोन दिले होते, आणि तळावरचे स्थानिक संपर्क सहायक ते फोन घेऊन लष्कराला कळवत. तळ गेला की पलीकडे फोन उचलणाराच नसतो. तीन गोष्टी पाहायच्या. एक, क्रमांक बदलू द्यायचा नाही, कारण लोकांना तोच पाठ असतो. सिमकार्ड मिशनच्या नावावर असेल तर ते आधीच दुसऱ्या संस्थेच्या नावावर करून घ्या. दोन, रिचार्ज थांबला की सिम काही काळाने बंद पडतं, तेव्हा त्याला अंदाजपत्रकात वेगळी ओळ हवी. तीन, फोन गावच्या मुखियाच्या खिशात असेल तर बायका त्याच्यामार्फत बलात्काराची खबर देत नाहीत. प्रत्येक गावात एक फोन बाईच्या हातात हवाच, सोबत सौर चार्जर. आणि फोन आल्यावर जाणार कोण हे ठरलेलं नसेल तर निदान जवळचा दवाखाना त्या साखळीत जोडा.

तळ पोलिसांना दिला की प्रश्न सुटला असंही समजू नका. संघर्षातल्या लैंगिक हिंसेवरच्या संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांच्या वार्षिक अहवालात काँगोचं लष्कर आणि पोलीस ही दोन्ही नावं संशयितांच्या यादीत आलेली आहेत. सरकारने २०१३ मध्ये संयुक्त राष्ट्रांबरोबर याविषयी संयुक्त निवेदनावर सही केली, नंतर लष्कराचा कृती आराखडाही झाला. त्यानुसार तुकडीप्रमुखांकडून वैयक्तिक लेखी हमी घेतली जाते. तळ ताब्यात घेणाऱ्या अधिकाऱ्याची अशी हमी आहे का, आणि तक्रार त्याच्याच माणसाविरुद्ध असेल तर ती कुठे द्यायची, या दोन्हींची लेखी उत्तरं हस्तांतराच्या दिवसाआधी घ्यावीत.

---

डॉ_निवेदिता

वैद्यकीय बाजू. तळावरचा दवाखाना मुख्यतः सैनिकांसाठी असतो, तेव्हा औषधं एकवेळ दुसरीकडून येतील. नुकसान होतं ते गाडीचं आणि सोबतीचं. आणि इथे घड्याळ चालू असतं: एचआयव्ही टाळण्याची औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हवीत आणि पुढे २८ दिवस न चुकता घ्यावी लागतात. गर्भधारणा टाळण्याची गोळी, लेवोनॉरजेस्ट्रेल १.५ मिलिग्रॅम एकदाच, १२० तासांपर्यंत देता येते, पण जितकी लवकर तितकी चांगली. शिवाय लैंगिक संसर्गांवरची प्रतिजैविकं, हेपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस.

साठ्याचा हिशेब: आंतर-संस्था प्रजनन आरोग्य किटपैकी ३ नंबरचं किट बलात्कारानंतरच्या उपचारांसाठी आहे आणि १०,००० लोकसंख्येला ३ महिन्यांसाठी धरलेलं असतं. त्यावरून आरोग्य केंद्रनिहाय मागणी काढा. नेहमी चुकतं ते हे की सगळी किटं शहरातल्या गोदामात राहतात. २०२५ मध्ये शेजारच्या उत्तर किवूची राजधानी गोमाचा आणि बुकावूजवळच्या कावुमूचा असे दोन्ही विमानतळ बंद झाले, तेव्हा गोदामातला साठा गावापर्यंत न्यायचा मार्गच तुटला. तळ बंद होण्याआधीच साठा खालच्या केंद्रांवर पसरवा, मुदत संपण्याच्या तारखा एकाच वहीत ठेवा. हेपॅटायटिसच्या लशीला २ ते ८ अंश तापमान लागतं, म्हणून सौर फ्रीज असलेली केंद्रं आधी निवडा.

उपचाराआधी पोलिसांचा कागद मागायचा नाही, हे प्रत्येक केंद्राच्या भिंतीवर लावा. कागदाच्या खेपेत ७२ तास निघून जातात. कावुमूजवळच्या खेड्यातली बाई पायी निघाली, वाटेत नाका लागला, रात्र झाली, की एक दिवस तिथेच गेला. यासाठी मोटारसायकलवाल्यांशी आधीच दर ठरवून ठेवा आणि पैसे दवाखान्याने द्यायचे.

बुकावूचं पांझी रुग्णालय डॉ. डेनिस मुक्वेगे यांनी १९९९ मध्ये उभं केलं. तिथे उपचार, मानसिक आधार, कायदेशीर मदत आणि पोटापाण्याची सोय एकत्र मिळते. पण सगळ्या प्रांताचा भार एका पांझीवर टाकणारा आराखडा हा आराखडा नव्हे.

---

लीगल_आंबेगाव

खटल्यांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. गावात जाऊन भरणाऱ्या फिरत्या न्यायालयांना मोनुस्को वाहतूक, संरक्षण आणि तपासात तांत्रिक मदत देत असे. कावुमूचा खटला पाहा. लहान मुलींवरच्या अत्याचारांप्रकरणी १३ डिसेंबर २०१७ ला लष्करी न्यायालयाने प्रांतिक आमदार फ्रेडरिक बाटुमिके याच्यासह ११ जणांना दोषी ठरवलं. साक्षीदार बुरख्यात आल्या, त्यांचे आवाज बदलून ऐकवले गेले. ही यंत्रसामग्री, प्रवास, राहणं, साक्षीनंतर घरी सुखरूप पोचवणं, हे सगळं मिशन गेल्यावर कुणाच्या डोक्यावर? चालू खटल्यांची यादी करून प्रत्येक साक्षीदारासाठी वेगळी तजवीज करावी लागते. पडदा आणि आवाज बदलणारं यंत्र न्यायालयाच्या नावावर लेखी करून घ्या, नाहीतर ते मिशनच्या मालमत्तेत मोजून परत जातं.

दुसरं, बोलायला अवघड पण टाळता येणार नाही असं. शांतिसेनेच्या सैनिकांपासून झालेली मुलं आणि त्या सैनिकांविरुद्धच्या तक्रारी. सैनिक मायदेशी गेला की खटला त्याच्याच देशात चालतो आणि बाई इथेच राहते. तक्रार नोंदवणं, पितृत्वासाठी डीएनए नमुने घेणं आणि पीडितांच्या हक्कांसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याचा मिशननंतरचा संपर्क मिळवणं, हे तुकडी हलण्याआधी व्हायला हवं. शोषणाच्या पीडितांसाठी २०१६ पासून विश्वस्त निधी आहे, पण त्यातून पीडितेला रोख भरपाई मिळत नाही, सेवांसाठी संस्थांना पैसा जातो. हे बायकांना आधीच सांगा, खोटी आशा लावू नका.

---

सरपण

सुदानमधल्या दारफुरचं उदाहरण टिपणात घ्याच. तिथे युनामिडच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रं आणि आफ्रिकी संघाच्या संयुक्त शांतिसेनेच्या, तुकड्या सरपणाला जाणाऱ्या बायकांबरोबर गस्त घालत. वार, वेळ आणि वाट बायकांशी बोलून ठरली तर गस्तीचा उपयोग होतो, नाहीतर सैनिक येतात आणि बायका आधीच गेलेल्या असतात. ३१ डिसेंबर २०२० ला मिशनचा कार्यकाळ संपला आणि जानेवारीच्या मध्यावर पश्चिम दारफुरच्या अल जिनेना शहरामध्ये मोठा हिंसाचार झाला. कमी सरपण लागणाऱ्या चुली आणि गावाजवळ लाकडाचा डेपो यांनी बायकांच्या जंगलातल्या फेऱ्या कमी होतात. पण चुली वाटायचं काम गस्त चालू असतानाच व्हायला हवं.

---

अनुजा_२२

खूप आभार. दोन गोष्टी उरल्या. पैसा कसा थांबतो? आणि पीडितांच्या फाइलींचं काय करायचं?

---

वाटसरू_पूर्व

पैसा: मिशनला सदस्य देशांची सक्तीची वर्गणी मिळते आणि ती मिशनबरोबर संपते. यूएन विमेन (संयुक्त राष्ट्रांची स्त्रियांसाठीची संस्था), यूएनएफपीए (लोकसंख्या निधी) यांच्या कामाला मुख्यतः देशांनी स्वखुशीने दिलेला निधी लागतो. म्हणजे काम तेच, पण खिसा दुसरा, आणि तो आपोआप भरत नाही. स्थानिक संघटनांनी वुमेन्स पीस अँड ह्युमॅनिटेरियन फंडासारख्या ठिकाणी साधारण वर्षभर आधी अर्ज करायला हवा. नोंदणीपत्र, ऑडिट आणि बँक खातं यांवर लहान संघटना अडकतात, तिथे मोठ्या संस्थेने खर्चाची हमी घेऊन मदत करावी. गोमा एम-२३ च्या ताब्यात गेल्यावर तिथल्या बँका बंद झाल्या, हे लक्षात ठेवून पर्यायी वाट करारातच लिहा.

लायबेरियातलंही एक घ्या. तिथल्या संयुक्त राष्ट्रांच्या मिशनमध्ये २००७ ते २०१६ भारताच्या महिला पोलिसांची तुकडी होती. त्या काळात तिथल्या सुरक्षा दलांत बायकांचं प्रमाण ६ वरून १७ टक्क्यांवर गेलं. भरती झालेल्या बाईला ठाण्यात वेगळी खोली, गाडी आणि डिझेल नसेल तर ती तक्रारदाराच्या गावापर्यंत पोचत नाही. भरतीबरोबर हा खर्चही मागा.

फाइली: प्रत्येक पीडितेला विचारून तिच्या संमतीचं पान वेगळं ठेवा. माहिती कुणाला द्यायची, कशासाठी, आणि परिस्थिती बिघडली तर फाइल नष्ट करायची का, हे तिच्याच तोंडून लिहून घ्यायचं. नावं आणि घटनेचा तपशील एका कपाटात नको. नावांऐवजी वापरलेल्या संकेतांकांची यादी वेगळ्या शहरात, वेगळ्या व्यक्तीकडे. संगणकावर असेल तर कूटबद्ध प्रत प्रांताबाहेर. मिशनला दिलेल्या प्रतींचं काय होणार हे लेखी विचारा, आणि कुणालाही देताना नाव काढलेलीच प्रत द्या. कागद नष्ट करायची वेळ आली तर निर्णय कोण घेणार, त्याचं आणि त्याच्या गैरहजेरीत दुसऱ्याचं नाव आधीच ठरवा. शहर पडत असताना बैठक बोलावता येत नाही.