पाच क्वाड मारूनही त्रुसोवा दुसरी कशी?

बर्फरेघ (प्रश्न)

२०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये महिलांच्या फिगर स्केटिंगच्या फ्री स्केटमध्ये (दुसरा, लांब प्रोग्राम) अलेक्झांड्रा त्रुसोवाने पाच क्वाड (हवेत चार फेऱ्यांच्या उड्या) मारले. त्या दिवशीचे सर्वाधिक गुणही तिचेच, १७७.१३. तरी सोनं आना श्चेरबाकोवाला, जिच्या फ्रीमध्ये दोनच क्वाड होते. काओरी साकामोतोकडे ना क्वाड ना ट्रिपल ॲक्सल (साडेतीन फेऱ्यांची उडी), पण कांस्य तिला. हे गणित कुणी उलगडून सांगेल का? आणि एवढी जोखीम घ्यायला या मुलींना नेमकं काय भाग पाडतं, नियम की कोचिंग? ‘फार क्रूर खेळ आहे’ एवढ्यावर थांबू नका, तपशील हवेत.

गुणपत्रक

सोनं हुकलं ते फ्रीमध्ये नाही, दोन दिवस आधी शॉर्टमध्ये (पहिला, छोटा प्रोग्राम; दोन्हींच्या गुणांची बेरीज धरतात). तेव्हाच्या नियमांप्रमाणे महिलांना शॉर्ट प्रोग्राममध्ये क्वाड मारायची मुभाच नव्हती. त्रुसोवाचं मुख्य हत्यार तिथे म्यानातच राहिलं. म्हणून तिने ट्रिपल ॲक्सल घेतला आणि पडली. तिला ७४.६०, श्चेरबाकोवाला ८०.२०. ही ५.६० ची तूट. फ्रीमध्ये त्यातले फक्त १.३८ भरून निघाले आणि शेवटी २५५.९५ विरुद्ध २५१.७३.

आता पडण्याची किंमत बघा. प्रत्येक उडीला एक मूळ किंमत असते. नऊ परीक्षक तिला −५ ते +५ अशी श्रेणी देतात, सर्वांत वरची आणि सर्वांत खालची काढून उरलेल्या सातांची सरासरी धरतात. श्रेणीची एक पायरी म्हणजे मूळ किमतीचे १० टक्के. पडलं की श्रेणी −५, शिवाय एकूण गुणांतून आणखी १ वजा. ट्रिपल ॲक्सलची मूळ किंमत ८.०. पूर्ण फिरून पडलात तर ८ − ४ − १, हाती ३. साधा डबल ॲक्सल (३.३) +३ ने उतरवला तर जवळपास ४.३ मिळतात.

लुट्झ हा उडीचा आणखी एक प्रकार; क्वाड लुट्झची किंमत ११.५. पूर्ण फिरून पडल्यास ४.७५ उरतात. स्वच्छ ट्रिपल लुट्झ (५.९) +३ ने मारला तर ७.६७. म्हणजे श्रेणी शून्य धरली तरी क्वाड लुट्झ शंभरात ४३-४४ वेळा उभ्याने उतरत असेल तर तो घेणं फायद्याचं. ज्या उडीत निम्म्याहून जास्त वेळा माणूस पडतो ती स्पर्धेत घ्यायला गणितच सांगतं! बर्फरेघ, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे.

पण यात एक मेख आहे. पाव फेऱ्याहून जास्त कमी पडलं तर मूळ किंमत ८० टक्क्यांवर येते, आणि अर्धा फेरा किंवा जास्त कमी पडला तर क्वाडची चक्क ट्रिपल धरतात. मग पडल्यावर अनुक्रमे ३.६ आणि १.९५ उरतात, आणि ४३ चा आकडा साधारण ५२ आणि ६० वर जातो. त्यामुळे क्वाड मारणाऱ्याचा कोच आधी फेरे पुरे होतात का ते बघतो, उभं राहणं नंतर.

साकामोतोचं कांस्य (२३३.१३) याच्या उलट्या बाजूचं. वेग प्रचंड, उडी लांब, लँडिंगनंतर वेग तुटत नाही. डबल ॲक्सलसारख्या ‘सोप्या’ उडीलाही परीक्षक भरघोस श्रेणी देतात आणि कंपोनंट्सचे (स्केटिंग आणि सादरीकरणाचे) गुण वर राहतात. पुढे २०२२, २०२३ आणि २०२४ अशी सलग तीन विश्वविजेतेपदं तिने याच पद्धतीवर मिळवली.

लँडिंग_पाय

गणित पटलं, पण ते कुणाच्या शरीरावर चालतं हेही बघायला हवं. उडीत हवेतला वेळ सेकंदाच्या सत्तर टक्क्यांच्या आसपास. तेवढ्यात क्वाड पुरा करायचा तर सेकंदाला पाचाहून जास्त फेरे लागतात. उंची फार वाढवता येत नाही, म्हणून फिरण्याचा वेग वाढवायचा, आणि तो वाढतो अंग अरुंद असेल तर. वयात येताना कंबर, मांड्या, खांदे भरतात, फिरवायचं वस्तुमान अक्षापासून लांब जातं आणि तीच ताकद तोच वेग देत नाही. अशा वेळी उपाय दोनच: ताकद आणि तंत्र नव्याने बांधायचं, ज्याला एक-दोन हंगाम जातात, किंवा वजन खाली दाबायचं. दुसरा उपाय लवकर दिसतो आणि तोच घात करतो.

कमी खाल्ल्याने पाळी थांबते, हाडांची घनता उतरते. त्याच हाडांवर दर लँडिंगला शरीराच्या वजनाच्या पाच ते आठ पट भार पडतो, तोही रोज, त्याच एका पायावर. डावीकडे फिरणाऱ्याचा उजवा पाय. बूट इतके कडक की घोटा पुरता वाकत नाही, म्हणून धक्का गुडघा, खुबा आणि कंबरेच्या मणक्यांकडे सरकतो. स्ट्रेस फ्रॅक्चर सुरुवातीला एक्स-रेत बऱ्याचदा दिसतच नाही, एमआरआय लागतो. तोवर ‘स्नायू दुखावलाय’ म्हणून उड्या चालूच राहतात. याला मी सरळ निष्काळजीपणा म्हणेन.

तिसरा_गट

चढाओढीबद्दल. ऑलिंपिकला एका देशाच्या जास्तीत जास्त तीन एकेरी स्केटर, आणि तीन जागाही आदल्या वर्षीच्या विश्वस्पर्धेत कमवाव्या लागतात: तिथल्या सर्वोत्तम दोघींच्या क्रमांकांची बेरीज १३ किंवा कमी हवी. रशिया, जपान, अमेरिका अशा देशांत चौथी मुलगीही जगातल्या पहिल्या दहात असू शकते, पण ती घरी बसते. त्यामुळे खरी लढाई परदेशी प्रतिस्पर्ध्याशी नसते, रोज त्याच रिंकवर सराव करणाऱ्या मैत्रिणीशी असते. आज तिने नवा क्वाड उतरवला तर उद्या तुम्हाला तो हवाच.

२०१८ मध्ये अलिना झागितोवा आणि येवगेनिया मेदवेदेवा या दोघी रशियन स्केटर कोच एतेरी तुतबेरिद्झेंच्याच. फ्रीमध्ये दोघींना अगदी सारखे १५६.६५. निकाल लागला शॉर्टमधल्या १.३१ वर. झागितोवाने फ्रीमधल्या सगळ्या उड्या दुसऱ्या अर्ध्यात ठेवल्या होत्या, कारण तिथे १० टक्के जादा मिळत. त्याच वर्षी नियम बदलला: आता जादा गुण शॉर्टमध्ये शेवटच्या एका आणि फ्रीमध्ये शेवटच्या तीन उड्यांनाच. मेदवेदेवा पुढे टोरांटोला ब्रायन ऑर्सर यांच्याकडे गेली.

एक गोष्ट टीव्हीवर कळत नाही. सहा मिनिटांचा वॉर्म-अप सहा जणी एकत्र करतात. शेवटच्या क्रमांकाच्या मुलीला त्यानंतर जवळपास ३५-४० मिनिटं थांबावं लागतं. स्नायू गार पडतात. नाड्या सैल करून परत बांधाव्या लागतात, आणि घाबरून वरच्या हुकांना जास्त आवळल्या तर घोटा पुढे वाकत नाही, टेकऑफ बिघडतो. आधीच्या मुलीचे गुण कानावर पडू नयेत म्हणून हेडफोन लावून आतल्या मार्गिकेत चालत राहायचं, दोरीवरच्या उड्या मारायच्या. पहिली उडी फसली की राहिलेलं कॉम्बिनेशन (लागोपाठ जोडलेल्या उड्या) पुढे कुठे जोडायचं, हे संगीत चालू असताना ठरवायचं. त्याचाही सराव वेगळा करावा लागतो.

बर्फरेघ

४३ टक्क्यांचा हिशेब डोळे उघडणारा आहे. मग सीनियर स्पर्धांसाठी किमान वय १७ केल्याने यातलं काही सुटलं का?

लँडिंग_पाय

थोडं. जून २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेच्या काँग्रेसमध्ये (सर्वसाधारण सभेत) ठरलं: सीनियरसाठी १५ चं वय २०२३-२४ ला १६ आणि २०२४-२५ पासून १७. बीजिंगमध्ये १५ वर्षांच्या कामिला वालियेवाचं प्रकरण ताजं होतं. २५ डिसेंबर २०२१ च्या नमुन्यात ट्रायमेटाझिडिन हे बंदी असलेलं हृदयाचं औषध सापडलं, निकाल मात्र सांघिक स्पर्धा उरकल्यावर हाती आला. शॉर्टमध्ये पहिली असलेली ती फ्रीमध्ये पडत-अडखळत एकूण चौथी आली. जानेवारी २०२४ मध्ये क्रीडा लवादाने तिला चार वर्षांची बंदी घातली. इतक्या लहान मुलीचं ते सगळं जगासमोर येऊ द्यायला नको होतं.

नव्या वयाचा फायदा असा की वयात येण्याआधीच्या दोन वर्षांवर अख्खी कारकीर्द लावण्यात अर्थ उरत नाही. पण ज्युनियरमध्ये १३-१४ व्या वर्षी क्वाड शिकवणं थांबलेलं नाही, आणि हाडांची हानी तिथेच सुरू होते.

गुणपत्रक

वयाइतकाच फरक निकालपत्रकाने पडेल. स्पर्धेनंतर ते जाहीर होतं. त्यात उडीच्या नावापुढची चिन्हं बघा: q म्हणजे नेमका पाव फेरा कमी, < म्हणजे त्याहून जास्त, << म्हणजे अर्धा किंवा अधिक. उड्यांचे फेरे तपासणारं तांत्रिक पॅनल ही चिन्हं कडकपणे लावतं तेव्हा अर्धवट क्वाड पुढच्या हंगामात कार्यक्रमांतून गळतात. सैल सोडतं तेव्हा आणखी लहान मुली तेच मारायला लागतात.