डी. एन. रोडच्या कमानी कोणाच्या: चालणाऱ्यांच्या की फेरीवाल्यांच्या?

बोरीबंदरकर:
दादाभाई नौरोजी रस्त्याचा सीएसएमटी ते हुतात्मा चौक हा पट्टा मुंबईतला सगळ्यात देखणा रस्ता आहे असं माझं ठाम मत. एका टोकाला स्टेशन आणि त्याच्यासमोर महापालिकेची इमारत, दोन्ही एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांच्या. दुसऱ्या टोकाला फ्लोरा फाउंटन. पण मला सगळ्यात मोलाची वाटते ती मधल्या इमारतींच्या तळमजल्यावरची कमानींखालची वाट. १८९६ च्या नियमामुळे इथे बांधणाऱ्यांना ती सोडावी लागली. म्हणूनच एका इमारतीची शैली दुसरीशी जुळत नसतानाही रस्ता एकसंध दिसतो, आणि जुलैच्या पावसातही छत्री न उघडता लांबवर जाता येतं.

जाता यायला हवं, असं म्हणू. आज दगडी खांबांना सुतळी बांधून बेल्ट टांगलेले, खाली मोबाईलच्या कव्हरांची बाकडी, आणि उरलेल्या हातभर जागेत दोन्हीकडून येणारी माणसं. फेरीवाल्यांना इथून हलवलंच पाहिजे.

पथारी:
हलवून कुठे? २०१४ चा पथविक्रेता कायदा सांगतो की आधी सर्वेक्षण करा, प्रमाणपत्रं द्या, विक्रीच्या जागा ठरवा. ते धड न करता गाडी येते, माल उचलून नेते आणि दुसऱ्या दिवशी तोच माणूस कर्ज काढून पुन्हा उभा राहतो. त्याच्याकडून चार्जर घेणारे सगळे फोर्टातल्या ऑफिसातलेच ना? शिवाय कमानीत पुढे आणलेल्या दुकानांच्या पायऱ्या तुम्हाला दिसल्या नाहीत. त्यांच्याबद्दल एक शब्द नाही.

संथ चाल:
माझी आई काठी घेऊन चालते. तिला कमानीतून खाली उतरून बसच्या बाजूने जावं लागतं. अडवणारा गरीब आहे की दुकानदार, याने तिच्यापुढचा धोका कमी होत नाही. दोघांनाही हटवा.

नक्षी:
याच रस्त्यावर दुकानांच्या वेड्यावाकड्या पाट्या काढून कमानीच्या चौकटीत बसतील अशा लावल्या गेल्या, त्या कामाची युनेस्कोनेही दखल घेतली. दुकानदारांना विश्वासात घेतलं म्हणून ते जमलं. फेरीवाल्यांशी तसं कोणी बसून बोललंय का?

बोरीबंदरकर:
@पथारी, पायऱ्या तोडाव्यात, माझा पूर्ण पाठिंबा. पण प्रमाणपत्र मिळालं तरी जागा कमानीखालची नको. आतल्या गल्ल्यांत द्या.

पथारी:
आतल्या गल्लीत गिऱ्हाईक वळत नाही. स्टेशनकडे जाणारी गर्दी याच वाटेने जाते, धंदा तिच्यावरच चालतो. कमानी मोकळ्या हव्यात हे मान्य, पण मग त्याच गर्दीच्या वाटेवर, स्टेशनजवळ, आखलेली जागा द्या. ती आधी दाखवा, कमानी नंतर रिकाम्या करा.