मदत हवी आहे: इनलाइन स्केट्सवर घोटे आत पडतात, ब्रेकही लागत नाही (नागपूर)

प्रश्न
वय ३४, आठवडाभर शिकून राहिलो. स्केट्स ४ चाकांचे, ८० मिमी. बूट एक नंबर मोठा आहे. दुकानात सांगितलं, जाड मोजे घाला. उभं राहिलो की दोन्ही घोटे आत झुकतात. टाचेचा ब्रेक लावायला गेलो की तोल मागे जातो. घोटेच कमजोर असतील का? मानेवाड्याला घरासमोर सिमेंट रोड आहे, तिथं चालेल का?

प्रतिसाद १
घोटे नाही, बूट. ताठ उभं राहिल्यावर अंगठा पुढे जेमतेम टेकावा, गुडघे वाकवले की सुटावा, आणि टाच मुळीच उचलू नये. तुमच्या बुटात टाच हलत असणार, म्हणून घोट्याला आधारच मिळत नाही. जाड मोजे दाबले जातात आणि १० मिनिटांत बूट पुन्हा सैल होतो. जमल्यास बदलून घ्या. तोवर लेस बोटांकडे सैल, घोट्याजवळ घट्ट बांधा, आणि मधला तिरपा पट्टा टाच मागे ठोकूनच आवळा. बूट बरोबर असूनही पाय आतच पडत असेल, तर बुटाखालची, चाकं धरणारी फ्रेम सरकते का पाहा. सरकत असेल तर बोल्ट सैल करून ती २-३ मिमी आतल्या बाजूला घ्या.

प्रतिसाद २
ब्रेकचं सांगतो. बहुतेक जण आधी पंजा उचलतात, तिथंच घोळ होतो. आधी दोन्ही गुडघे वाकवा. मग ब्रेकचा पाय (सहसा उजवा) इतका पुढे सरकवा, की त्याची टाच मागच्या पायाच्या बोटांच्याही पुढे जाईल. आता पंजा उचला आणि खुर्चीत बसल्यासारखं वजन हळूहळू त्या टाचेवर द्या. कमरेतून पुढे वाकलात की वजन टाचेवर येतच नाही, रबर नुसतं घासत जातं. रबर झिजलं असेल तर पंजा फार उचलावा लागतो, मग तोल जाणारच.

पण त्याआधी पडायला शिका. हेल्मेट, मनगटाचे गार्ड, कोपर आणि गुडघ्याचे पॅड घालून हिरवळीवर (रखवालदार हाकलणार नाही अशा!) पडायचा सराव करा: आधी गुडघे, मग कोपर, शेवटी तळवे, बोटं वर. ताठ उभा राहणाराच मागे आपटतो.

प्रश्नकर्ता
बूट उद्याच बदलतो. रस्त्याचं काय?

प्रतिसाद १
सिमेंट रोडवर चाक लवकर झिजतं, पण खरी भीती रस्त्यातल्या फटींची. फटीला समांतर गेलात की चाक आत अडकतं. ती काटकोनात ओलांडा, एक पाय थोडा पुढे, गुडघे सैल. बांधकामाजवळ सांडलेली रेती दिसली की थांबून चालत जा. सुरुवातीला रिकामं, सपाट, गुळगुळीत पार्किंग बरं. सेमिनरी हिल्सचे उतार ब्रेक हमखास लागेपर्यंत नकोच. मे महिन्यात सूर्य वर यायच्या आत उरका.

प्रतिसाद ३
रस्त्यावर जायच्या आधी हिरवळीवर टाचा जवळ, पंजे बाहेर ठेवून बदकासारखं १०-१५ मिनिटं चाला. चाकं फिरत नाहीत, वजन एका पायावरून दुसऱ्यावर न्यायची सवय होते. नंतर रेटा बाजूला द्या. मागे दिला की चाक नुसतंच गोल फिरतं.

चाकाचा ॲक्सल (मधला बोल्ट) ४ मिमीच्या ॲलन कीने आवळा, पण चाक अडखळेल इतका नाही. पावसात भिजले तर चाकं काढून बेअरिंग त्याच दिवशी पुसा, वाळवा, हलकं तेल एकेक थेंब. ओले ठेवले की गंज चढतो.

प्रश्नकर्ता
एका आठवड्यातच चाकांची आतली कड झिजलेली दिसते. सगळी बदलावी का?

प्रतिसाद ३
नको. पहिलं तिसऱ्याच्या जागी, दुसरं चौथ्याच्या जागी टाका, आणि झिजलेली बाजू बाहेर येईल असं उलटं बसवा. बूट बदलल्यावर झीज मंदावली का ते बघा. तरी एकाच पायाची आतली कड जात असेल, तर वर सांगितलेली फ्रेम त्या पायाची सरकवा.