उरलेल्या गोळ्या कुणाला पायजेत काय?

ए-१०३ काकू: आमच्या ह्यांचं बीपी नॉर्मल आलंय, १२८/८०. गोळ्या बंद केल्या. ॲम्लोडिपिनची दीड पट्टी उरलीय. कुणाला पायजे असंल तर घेऊन जावा 🙏

बी-२०१ अण्णा: मला ठेवा. डोकं जड झालं की मी एखादी घेतो.

सी-३०४ सिस्टर: थांबा हो काकू! अण्णा तुम्हीपण. नॉर्मल आलंय ते गोळीमुळंच की. बंद केली की बीपी हळूहळू परत चढणार, आणि काकांना कळणारसुद्धा नाही. आमच्या ओपीडीत रोज हेच, "मला काय त्रास नाही, मग गोळी कशाला?" अहो, बीपी बहुतेकांना जाणवतच नाही. कळतं ते एकदम लकवा मारल्यावर.

बी-२०१ अण्णा: डोकं दुखतंय म्हणजे बीपी नव्हे काय?

सी-३०४ सिस्टर: बहुतेक वेळा नव्हे. आधी मोजा. आणि ही काय डोकेदुखीची गोळी नव्हे, हिचा पूर्ण गुण यायला आठवडाभर जातो. अधनंमधनं घेऊन उपयोग शून्य.

ए-१०३ काकू: खरं सांगू काय? त्यांचे पाय सुजायलेत. सकाळी घातलेली चप्पल संध्याकाळी घट्ट होते, पट्ट्याचा वळ उठतो. त्यात खानापूरच्या नणंदेनं सांगितलं, गोळ्यांनी किडनी जाते. म्हणून भ्यालो.

सी-३०४ सिस्टर: मग हे आधी बोला की! ॲम्लोडिपिननं काहींचे पाय सुजतात. डॉक्टर डोस कमी करतील, नाहीतर दुसरी गोळी देतील. किडनी खराब करतं ते वर्षानुवर्षं चढलेलं बीपी. आणि गुडघ्याला म्हणून मेडिकलमधनं आपल्या मनानं आणता त्या पेनकिलर. त्यांची मात्र कुणाला भीती वाटत नाही!

सेक्रेटरी: आम्ही मीठ सोडून सैंधव सुरू केलंय.

सी-३०४ सिस्टर: तेही मीठच हो. दिवसाला सगळं मिळून ५ ग्रॅमच्या आत पायजे, चहाचा एक चमचा. लोणचं, पापड, ठेचा त्यातच धरायचा.

डी-४०२ वहिनी: दर महिन्याचा खर्च पण आहे ना.

सी-३०४ सिस्टर: सरकारी आरोग्य केंद्रात बीपीच्या गोळ्या फुकट मिळतात. रविवारी सकाळी मी मशीन घेऊन खाली बसते. अर्धा तास आधी चहा-तंबाखू नको, आणि मोजायच्या आधी पाच मिनिटं गप्प बसायचं.

बी-२०१ अण्णा: गप्प? मग माझं राहू दे 😄

ए-१०३ काकू: उद्याच ह्यांना दवाखान्यात नेते. तोवर गोळी?

सी-३०४ सिस्टर: आज डॉक्टरांना फोन करून विचारा. सूज आलीय आणि गोळी बंद केलीय, दोन्ही सांगा.