छोट्या ब्रुअरीसाठी स्वस्तातलं कमर्शियल सिंक: दोन कप्पे की तीन?

हॉप_वेल:
३०० लिटरच्या बॅचची ब्रुअरी उभी राहतेय. सिंकमध्ये धुवायच्या वस्तू: बादल्या, व्हॉल्व्ह, ट्रायक्लॅम्पचे (पकडीने आवळायचे) जोड, गॅस्केट, होज, २० लिटरच्या केगचे (बिअरच्या पिंपाचे) स्पिअर, म्हणजे आतल्या नळ्या. पैसे मोजकेच आहेत. तीन छोटे कप्पे घ्यावेत की दोन मोठे? १८ गेजचा पत्रा पुरेल का? जुनं घेतलं तर काय तपासायचं?

वेल्ड_आणि_पॉलिश:
आधी तुमच्याकडचे अन्नसुरक्षेचे नियम बघा. धुणं, खंगाळणं आणि निर्जंतुक करणं यांसाठी तीन वेगळे कप्पे सक्तीचे असतील तर पुढची चर्चाच नको. सक्ती नसेल तर दोन मोठे घ्या. सॅनिटायझरचं काम झाकणाच्या बादलीत उत्तम होतं, पण अरुंद कप्प्यात होजचं वेटोळं बुडत नाही, ही अडचण रोजची.

मापं आतली विचारा. कॅटलॉगमध्ये बऱ्याचदा बाहेरची दिलेली असतात, आणि कोपऱ्यांची गोलाई तळाची जागा खाते. ६०० × ५०० × ३५० मिमीचा कप्पा काठोकाठ भरला तर १०५ लिटर पाणी मावतं. म्हणजे दोन कप्प्यांचे २१० किलो, वर सिंकचं वजन. त्यामुळे पाय आणि खालच्या आडव्या पट्ट्या हलवून बघा. पाय गॅल्व्हनाइज्ड नकोतच. ॲसिड आणि कॉस्टिक सोडा, दोन्ही जस्त खातात, मग खालचं लोखंड गंजतं. अशी सिंकं स्वस्त दिसतात ती इथेच.

१८ गेज म्हणजे साधारण १.२ मिमी. हलक्या वस्तूंना पुरतं. जड क्लॅम्प आणि व्हॉल्व्ह पडून तळाला पोचे येत असतील तर १६ गेजचा जाड पत्रा घ्या, किंवा तळाशी रबरी चटई टाका. गेजपेक्षा मी स्टीलच्या ग्रेडवर खर्च करेन: ३०४ हवं. चुंबकाच्या परीक्षेवर विसंबू नका. मँगनीजवाल्या स्वस्त २०२ ग्रेडलाही चुंबक चिकटत नाही, आणि खऱ्या ३०४ ला घडी घातलेल्या जागी किंचित चिकटतं. मँगनीज ओळखणाऱ्या द्रावणाचा थेंब टाकून खात्री होते, नाहीतर मटेरियल सर्टिफिकेट मागा.

तुंबलेला_नळ:
कप्प्यांवर सगळे बोलतात, अडतं मात्र निचऱ्यापाशी. धान्याचा चोथा, हॉप्सचा गाळ आणि यीस्ट एकत्र पाइपात गेले की थर बसतो आणि तुंबतो. तोंड ९० मिमीचं, काढता येणाऱ्या जाळीच्या टोपलीचं घ्या. गॅस्केट वाहून जाणंही त्यानेच थांबतं. चोथा आणि गाळ सिंकमध्ये टाकायचाच नाही, आधी बादलीत.

दुसरं, गरम पाणी. साध्या पीव्हीसीची मर्यादा ६० अंशांच्या आसपास. ७५-८० अंशांचं कॉस्टिक सोडलं तर पाइप मऊ होऊन वाकतो, सांधे गळतात. सीपीव्हीसी किंवा पॉलिप्रोपिलीन घ्या, नाहीतर सोडताना थंड पाणी मिसळा.

पाइप थेट गटाराला जोडू नका. गटाराच्या तोंडाशी फनेल बसवा आणि त्याच्या काठापासून वर, पाइपच्या व्यासाच्या दुप्पट मोकळी जागा ठेवा. ४० मिमीच्या पाइपाला ८० मिमी. गटार उलटलं तर घाण सिंकमध्ये चढत नाही. नळाला होज लावणार असाल तर व्हॅक्युम ब्रेकरही (पाणी उलटं ओढू न देणारा व्हॉल्व्ह) बसवा, कारण पाण्यात बुडालेल्या होजमधून क्लीनर पुरवठ्याच्या लाइनीत ओढला जातो.

हॉप_वेल:
दोन कप्पे नक्की. एक जुनं ३०४ चं मिळतंय, आतून चकचकीत आहे.

वेल्ड_आणि_पॉलिश:
चकाकीवर जाऊ नका. कप्पे भरून रात्रभर ठेवा आणि तळाखाली, विशेषतः निचऱ्याच्या कडेला, कोरडा कागद लावून बघा. वेल्डमधली सुईएवढी भोकं अशीच सापडतात. आतले कोपरे बोटांनी चाचपा: गोल हवेत आणि वेल्ड घासून सपाट केलेलं हवं. खाचेत यीस्ट आणि बॅक्टेरिया बसले की ब्रश पोचत नाही.

तपकिरी ठिपके असतील तर थांबा. वरवरचा डाग सायट्रिक ॲसिडने जातो, खड्डा पडला असेल तर जात नाही. खड्डे बहुतेक ब्लीचचे. क्लोरिनवालं काही स्टीलवर भिजत ठेवू नका, ॲसिडसोबत तर कधीच नाही, विषारी वायू निघतो. लोखंडी काथ्याने घासणंही बंद: त्याचे कण रुतून गंजतात आणि दोष सिंकला लागतो.

तुंबलेला_नळ:
बाजूचा ड्रेनबोर्ड (धुतलेल्या वस्तू निथळत ठेवायची पाटी) निदान एका कप्प्याएवढा रुंद हवा. तो जुन्यात नसेल तर छिद्रांचा रॅक वेगळा लावा, स्वस्त पडतो. हात धुण्याचं बेसिन मात्र वेगळंच ठेवा.